मराठवाड्यात जुनं सागवानी फर्निचर स्वस्तात कुठं मिळेल? संभाजीनगरला भाड्याचा फ्लॅट आहे, बजेट बेताचं. परदेशात थ्रिफ्ट स्टोअर असतात तसं आपल्याकडे काही आहे का?

थ्रिफ्ट स्टोअर नाही. तिकडे लोक नको झालेलं सामान एखाद्या संस्थेला दान देतात, संस्था ते विकते आणि त्यावर धर्मादायाचं काम चालवते. आपल्याकडे माणूस दान द्यायचं म्हटलं की देवळात पंखा देतो आणि पात्यावर नाव लिहून घेतो. नको झालेलं कपाट आधी गच्चीवर जातं, तिथं दोन पावसाळे भिजतं आणि मग भंगारवाल्याकडे किलोच्या भावात जातं. तुम्हाला ते गच्चीवर जायच्या आधी गाठायचं आहे.

दुकानं आहेत, नाही असं नाही. पण ‘अँटिक’ अशी पाटी लागली की स्वस्ताई संपली. मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर काचेच्या आड ठेवलेली महिरपीची चौकट आमच्याच भागातल्या एखाद्या वाड्यातून गेलेली असू शकते. मधल्या प्रत्येक हातानं त्यावर आपलं काही ना काही चढवलेलं असतं. तुम्ही संभाजीनगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहता आणि बजेट बेताचं आहे असं लिहिलंय. म्हणजे पहिल्या हाताकडूनच घ्यायला हवं. तो हात म्हणजे वाडा पाडणारा ठेकेदार. यात मी जरा तापलेला आहे, तेव्हा उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचा वाडा औसा तालुक्यात. आजोबांची लातूरला आडत, म्हणजे शेतमालाच्या दलालीचं दुकान. वाडा माळवदाचा, म्हणजे सागाचे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर सरे (बारीक आडवी लाकडं), त्यावर किलचान (पातळ फळ्यांचं आच्छादन) आणि सगळ्यात वर फूटभर पांढरी माती. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमची मागची भिंत बसली, माणसं वाचली. पण त्यानंतर आमच्या भागात माळवदाखाली झोपायची हिंमत फार थोड्यांची राहिली. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावरची माती, हेच घर लोकांच्या अंगावर आलं होतं. लोक आधी पत्र्यात गेले, मग स्लॅबमध्ये. वाडे कुलूप घालून उभे राहिले, भाऊबंदांच्या सह्यांची वाट बघत.

आमच्याकडे त्या सह्या अण्णांनी गोळा केल्या. अण्णा म्हणजे थोरले चुलतभाऊ. त्यांनी वाडा उक्ता दिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ठेकेदार येतो, तंबाखू मळत एक चक्कर मारतो, खांबावर थाप मारतो, वर बघून ‘लई किडलंय’ म्हणतो आणि एक आकडा सांगतो. त्या आकड्यात लाकूड, दारं, चौकटी, घडीव दगड आणि आत जे काही पडलेलं असेल ते सगळं त्याचं. पाडायची मजुरी त्याची, माती उचलणं त्याचं. घरमालकाला वाटतं, सुटलो बाबा एकदाचे.

मी तेव्हाच म्हणालो होतो की अण्णा, टेप लावा. १२ फुटी तुळई, ९ इंच बाय ६ इंच, म्हणजे साडेचार घनफूट. ८ फुटी खांब, ८ बाय ८ इंची, म्हणजे साधारण साडेतीन घनफूट. मोजा, घनफुटाला भाव लावा, वर दारांचे वेगळे घ्या. अण्णा म्हणाले, “तू नोकरीवाला माणूस, तुला टेपच दिसायलाय. रोज गावाकडं चकरा मारून मोजून कोण द्यायलंय? लाकूडच ते.”

हे ‘लाकूडच ते’ लक्षात ठेवा.

वाड्याच्या ढाळजेत, म्हणजे दाराजवळच्या बैठकीच्या ओसरीत, आजोबांचं बैठं डेस्क होतं. मांडी घालून लिहायचं, उतरत्या झाकणाचं, आत कप्पा, खाली शेजारी शेजारी दोन ड्रॉवर. उक्त्यात ते पण गेलं. ठेकेदारानं कोरीव चौकट आणि मोठं दार पुण्याकडं पाठवलं, तुळया आरागिरणीला गेल्या आणि किरकोळ सामान लातूरच्या एका भंगाराच्या गोदामात येऊन पडलं. मी तिथं वेगळ्याच कामाला गेलो होतो, कूलरची मोटर बघायला. एका कोपऱ्यात दवाखान्याच्या हिरव्या ऑइलपेंटमध्ये बुडवलेलं एक डेस्क होतं, वर सायकलची रिम ठेवलेली. आमच्या डेस्काला रंग नव्हता, त्यामुळं ओळख पटेना. पण उंची तीच वाटली. ड्रॉवर ओढला, पालथा केला.

बुडाला पेन्सिलीनं आकडे होते. ३५ खाली ३०, ७० खाली ६०, १४० खाली १२०. शेजारी मोडीत दोन शब्द, जे मला वाचता येत नाहीत. आकडे मात्र माझ्या पाठ होते, कारण लहानपणी आम्ही ते कोडं समजायचो आणि चुलते सांगायचे की हे हाली आणि कलदार. हैदराबाद संस्थानाचा रुपया हाली सिक्का, बाहेरच्या व्यापाऱ्याशी व्यवहार कलदार, म्हणजे इंग्रजांच्या रुपयात. सात हालीचे सहा कलदार. आजोबांनी ते रोज लागतं म्हणून ड्रॉवरच्या पोटाला लिहून ठेवलं होतं. रंगवणाऱ्यानं वरून ब्रश फिरवला, ड्रॉवर पालथा करायचे कष्ट घेतले नाहीत. देव त्याचं भलं करो.

मी चेहरा कोरा ठेवला. मोटरचा भाव विचारला, रिमचा विचारला, मग जाता जाता डेस्काचा. “अडीच हजार. साहेब, जळणाच्या भावात द्यायलो.” १,९०० ला तुटलं. टेम्पोचे ४००. मिस्त्रीनं रंग काढून, एक सैल पाय बसवून, चपडा लाखेचं हलकं पॉलिश मारून ३,००० घेतले. आज ते माझ्या खिडकीपाशी आहे आणि हे उत्तर मी त्यावरच टेकून लिहितोय.

हे अण्णांना कळलं तेव्हाही सगळं ठीक होतं. मग त्यांच्या मुलानं मोबाईलवर तसलंच डेस्क २५ हजाराला दाखवलं. त्यानंतर एका लग्नात, पंगतीत, चारचौघांत अण्णा म्हणाले, “वाड्यातली वस्तू आहे, सगळ्यांची आहे. एकट्यानं ठेवून घेतली.” ठेवून घेतली! ज्या दिवशी तुम्ही उक्त्यावर सही केली त्या दिवशी ती वस्तू ठेकेदाराची झाली. ठेकेदाराकडून भंगारवाल्याची, भंगारवाल्याकडून माझी. पावती आहे. वाड्याच्या पैशातला माझा वाटा मी कधी मोजूनसुद्धा घेतला नाही, जो दिला तो घेतला. लाकूडच होतं ना ते?

असो. यातून तुमच्या कामाचं काय ते काढतो.

जिथं वाडा पडतोय तिथं पाडायच्या आधीच्या आठवड्यात जा. दिवाळी झाली की ही कामं निघतात आणि मृगाच्या आत उरकतात. गावात चहाच्या टपरीवर विचारलं तरी कळतं कुणाचा वाडा उतरायलाय. ठेकेदाराला तुळया-खांबांचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. फडताळ, मांडणी, संदूक, हंडे ठेवायच्या तिवया, पाय मोडलेला पलंग याचं त्याला ओझंच होतं. तिथंच रोख दिलेत तर बाजारापेक्षा फार खाली मिळतं. आणि घरमालक शेजारी उभा असेल, विशेषतः एखादी एकटी म्हातारी असेल, तर तिला खरा भाव सांगा. तुमची दोन पैशांची स्वस्ताई जाईल, जाऊ द्या. आमच्या घरच्यांना कुणी सांगितलं नाही.

दुसरी जागा सरकारी. शाळा, तहसील, जिल्हा परिषद जुन्या सामानाचं निर्लेखन करतात, म्हणजे ते नोंदवहीतून काढून टाकतात, आणि लिलाव काढतात. नोटीस फलकावर लागते, पेपरात छोटी जाहिरात येते. एक खुर्ची सुटी मिळत नाही, ढीग जातो. म्हणून लिलाव घेणाऱ्या भंगारवाल्याशीच आधी बोलून ठेवा. मोडक्या पोलादी कपाटांखाली वेताच्या बैठकीच्या, रुंद हातांच्या सागवानी खुर्च्या निघतात. पाठीवर किंवा पायाला उर्दू आकडा कोरलेला दिसला तर घासाघीस न करता उचला. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात येईपर्यंत इथली कचेरी उर्दूत चालायची. तो आकडा घासून काढू नका, तोच तर त्या खुर्चीचा दाखला.

तुमच्या गावात जाफर गेटचा रविवारचा बाजार आहेच. तिथं सकाळी लवकर जा, एवढंच सांगतो. तिथल्या भावाबद्दल तुम्हीच मला सांगाल. मे-जूनमध्ये बदल्यांच्या दिवसांत साहेब लोक जड सामान फुंकून टाकतात, त्यावरही नजर ठेवा. पितृपक्षात नव्या खरेदीला लोक बिचकतात, जुन्याचा व्यापारी रिकामा बसलेला असतो. माझी पितरं मी काही खरेदी केली म्हणून रागावल्याचं अजून तरी कळवलेलं नाही.

बघायचं कसं? पॉलिशकडे बघूच नका. मागची बाजू, बूड, ड्रॉवरचा आतला भाग. जुन्या कामात जोडाला एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या भोकात आणि वरून लाकडी खुंटी असते. सगळीकडे चकचकीत स्क्रू दिसले तर एक तर फार दुरुस्ती झालीय किंवा माल नवा आहे. ड्रॉवर ज्या कडेवर सरकतो ती कड झिजलेली हवी. हात ठेवायच्या जागी धार गेलेली हवी, कोपऱ्यात नाही. सगळीकडे सारखी ‘झीज’ म्हणजे ती कानशीनं केलेली. गोल टेबल असेल तर दोन दिशांनी माप घ्या: लाकूड आडव्या दिशेला आकसतं, लांबीला जवळपास नाही, त्यामुळं खरं जुनं टेबल एका बाजूनं किंचित कमी भरतं. न दिसणाऱ्या जागी थोडं खरवडून वास घ्या, सागाला तेलकट, चामड्यासारखा वास येतो. आमच्याकडे सगळं जुनं म्हणजे साग असं नसतं हेही सांगतो. नांदेडकडे किनवटचं जंगल जवळ, तिकडे साग सढळ. आमच्या बाजूला बाभूळ आणि कडुलिंबाचं कामही भरपूर. बाभळीची वस्तू वाईट नाही, फक्त सागाच्या भावात घेऊ नका. प्रदर्शनात येणारा जोधपूरचा आंब्याचा, शिसमाचा मालही दणकट असतो, पण ‘दोनशे वर्षांपूर्वीचा’ म्हणून सांगितला तर हसा आणि पुढं चला.

खरेदी शक्यतो उन्हाळ्यात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, सैल जोड घट्ट वाटतात, चिरा मिटतात. एप्रिलमध्ये मराठवाड्याच्या उन्हात काही लपत नाही.

घरी आणलं की कोणीतरी म्हणेलच की दुसऱ्याच्या घरातला पलंग आणू नये. आणा. त्यातून भूत येत नाही, भुंगा येतो. वस्तूखाली काळा कागद अंथरून आठवडाभर ठेवा. बारीक पिठासारखी भुकटी पडली तर आतलं जिवंत आहे, घरात न्यायच्या आधी मिस्त्रीकडून भोकांत सुईनं औषध भरून घ्या. रंग काढायला कॉस्टिक सोडा वापरणारा मिस्त्री दिसला तर दारातूनच परत पाठवा, सागाला काळं करून ठेवतो. आणि कृपा करून जुन्या दारावर काच टाकून त्याचं टीपॉय करू नका. तो प्रकार मला बघवत नाही. (ज्यांनी केलंय त्यांनी कॉमेंटमध्ये फोटो टाकू नयेत.)

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या आता. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं; रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. तेव्हा कोरडा पॉलिश पेपर मारून धूळ उडवू नका, घरात लहान मूल असेल तर अजिबातच नाही. रिमूव्हर लावून ओलं काढा, तेही बाहेर, मास्क लावून. देवळातली, मठातली कोरीव वस्तू कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, ती बहुतेक चोरीची. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो, त्या परदेशी पाठवता येत नाहीत आणि त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो. घरी एखादं फडताळ वापरणाऱ्यानं घाबरायचं कारण नाही. खांब-तुळया ट्रकनं नेणार असाल तर वनखात्याच्या वाहतूक पासची चौकशी आधी करा.

आणि पावती घ्या. वस्तूचं नाव, माप, ओळखीची खूण, सगळं लिहून मागा. भंगारवाला कंटाळा करतो, तरी हटू नका. माझ्या पावतीवर त्यानं ‘जुने लाकूड सामान, १ नग’ एवढंच खरडलंय, आणि अण्णा आता म्हणतात, यात डेस्क कुठं लिहिलंय?