बॅटरी बयानात नव्हती

इंदूर

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

दिवाणी करू की फौजदारी, असं विचारलंस. पहिली दहा वर्षं दोन्ही कर. नुसत्या जामीनअर्जांवर घर चालतं, हे खरं. पण साक्षीदारासमोर उभं राहायला ते पुरत नाही.

माझीच फजिती सांगतो. वकिलीचं सहावं वर्ष. रात्रीची मारहाण होती आणि साक्षीदार कोर्टात म्हणाला, बॅटरीच्या उजेडात आरोपीला ओळखलं. पोलिसांनी घेतलेल्या बयानात बॅटरीचं नाव नव्हतं. मी उलटतपासात ते त्याच्यापुढे धरलं. तो म्हणाला, "मी सांगितलं होतं, त्यांनी का नाही लिहिलं ठाऊक नाही." मी खूश होऊन बसलो. चार पेश्यांनंतर, म्हणजे चार तारखांनंतर, विवेचक (तपास अधिकारी) साक्षीला आला. त्याला एवढंच विचारायचं होतं: या माणसाने तुम्हाला बॅटरीचं सांगितलं होतं का? मी विचारलंच नाही. निकालात एकच ओळ: विसंगती शाबीत नाही. मुवक्किलाला शिक्षा झाली. त्याचे वडील जिन्यात भेटले, चकार शब्द न काढता उरलेली फी हातात ठेवून गेले. मी ती घेतली, हे अजून खुपतं.

बयानातली गाळलेली गोष्ट महत्त्वाची असेल तर ती विसंगती ठरू शकते, असं जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १६२ चं स्पष्टीकरण सांगतं. नव्यात ते कलम १८१ आहे. तहसीलदार सिंग खटल्याचा १९५९ चा निकाल सबंध वाच, गाइडमधला सारांश नको. आणि १ जुलै २०२४ ला नवे कायदे आले म्हणून जुनी पुस्तकं रद्दीत घालू नकोस. आधीपासून सुरू असलेले खटले जुन्याच संहितेने चालतात.

हे न लिहिलेलं वाचणं मला खरं शिकवलं ते एका दिवाणी दाव्याने. राजवाड्यामागच्या एका घराच्या बोळाचा वाद. पुरावा होता होळकर राज्यातल्या १९३८ च्या मोडी खरेदीखताचा. समोरच्या वकिलांनी हिंदी भाषांतर जोडलं होतं, टाइप केलेलं, अगदी सुबक. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. वाचणारा घाई करतो. आमच्या जुन्या मुन्शींकडून मी चार महिने मोडी गिरवली होती, म्हणून चतुःसीमेच्या ओळीत बोट अडकलं. "वहिवाट" हा शब्द भाषांतरातून गळला होता. खत तीस वर्षांहून जुनं, योग्य ताब्यातून आलेलं, त्यामुळे सह्या आणि निष्पादन (खत रीतसर करून दिलं गेलं हे) कोर्ट गृहीत धरू शकत होतं; मजकूर खरा की खोटा ते मात्र त्यातून ठरत नाही. हा फरक पुष्कळ ज्येष्ठांनाही बोलताना आठवत नाही, असं मला दिसतं.

कोर्टात हिंदी बोल, पण साक्षीदार मराठी असेल तर त्याचे शब्द तसेच टिपून ठेव. "बघितलं" आणि "दिसलं" यांत कधीकधी सगळी केस असते. उलटतपासाचे प्रश्न आदल्या रात्री लिही आणि निम्मे खोड.

रविवारी ये, पोहे करतो. तुझ्या त्या खटल्याचं चालान, म्हणजे दोषारोपपत्र, सोबत आण, नकाशा आणि जप्तीपत्रकासकट. पानांच्या मागच्या बाजूही झेरॉक्स केल्या आहेत ना, ते आधी पाहून घे.

तुझे
काका