‘चिल्ड्रन्स कॉर्नर’ मुलांचं आहे ना, मग एवढं अवघड का?

प्रश्न : नमस्कार. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, मुलगी 9 वर्षांची आहे, पियानोच्या क्लासला जाते. सरांनी तिला फ्रेंच संगीतकार देबुसीच्या ‘चिल्ड्रन्स कॉर्नर’मधला पहिला पीस दिलाय, ‘डॉक्टर ग्रादुस’. नाव वाचून वाटलं मुलांसाठीच असेल, पण तिला काही केल्या जमत नाही, रडकुंडीला येते. घरी 61 कीचा कीबोर्ड आहे. सराव कमी पडतोय का?
– एक आई, ठाणे

उत्तर : ताई, सराव कमी पडत नाहीये, हे आधी तिला सांगा. या नावाने भल्याभल्यांची फसगत होते. क्लोद देबुसीने हे सहा पीस आपल्या लेकीसाठी लिहिले, लाडाने तिला शूशू म्हणायचे, पण ती जन्मली 1905 मध्ये आणि पुस्तक आलं 1908 मध्ये, म्हणजे पोर जेमतेम तीन वर्षांची, ती कुठून वाजवणार! तिने ऐकायचं आणि मोठ्यांनी वाजवायचं, असा हा प्रकार. पॅरिसला पहिल्यांदा वाजवलं तेही हॅरल्ड बावरसारख्या मुरलेल्या पियानिस्टने.

त्यात ‘डॉक्टर ग्रादुस’ म्हणजे क्लेमेंटी नावाच्या जुन्या संगीतकाराने पियानो शिकणाऱ्यांसाठी लिहिलेल्या बोटांच्या व्यायामांची केलेली गंमत, बोटं आधीच तयार असतील तरच ती गंमत कळते. ‘द स्नो इज डान्सिंग’ हा बर्फाचा पीस पण आत्ता नको, दोन्ही हातांनी आळीपाळीने एकेक सूर हलकेच टाकत राहायचं आणि कुठलाही जड पडू द्यायचा नाही, फार कठीण काम.

सरांशी बोलून ‘द लिटल शेफर्ड’ मागून घ्या. सुरुवातीला साथ वगैरे काही नाही, एकटाच सूर, बासरीसारखा, मग छोटासा नाच, मग परत शांत. बोटांना धावपळ नाही, पण थांबायला शिकवतो, आणि मला तर सहातला हाच सगळ्यात जवळचा वाटतो. त्यानंतर ‘जिम्बोज ललबाय’, खेळण्यातल्या हत्तीचं अंगाईगीत. खर्जात सुरू होतं, धून पाच सुरांवर फिरते, आपल्या कानाला भूपाची आठवण होईल, आणि वर देबुसीने लिहूनच ठेवलंय की हळुवार आणि थोडं धांदरट वाजवा, त्यामुळे मुलांना हा पीस फार आवडतो.

आता कीबोर्डचं. इथे मात्र अडचण खरी आहे. जिम्बोचा खर्ज 61 कीमध्ये नीट मावत नाही. यातल्याच ‘सेरेनेड फॉर द डॉल’, म्हणजे बाहुलीसाठीच्या गाण्यावर, तर सूचना आहे की सॉफ्ट पेडल (आवाज मऊ करणारं) शेवटपर्यंत दाबून ठेवा, जिथे जोरात वाजवा लिहिलंय तिथेसुद्धा! साध्या कीबोर्डला ते पेडलच नसतं, आणि स्वस्तातल्या कीबोर्डवर हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तोच, मग हे संगीत उरतं कुठे? जमेल तेव्हा 88 वेटेड कीचा (म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्यांचा) डिजिटल पियानो बघा, तीन पेडलवाला, फ्लॅटमध्ये हेडफोन लावून रात्रीही वाजवता येईल, शेजाऱ्यांची कटकट नाही. तोपर्यंत क्लासच्या पियानोवर तिला थोडा जादा वेळ मिळतो का ते विचारा, आणि घरी सगळे सहा पीस नुसते ऐकवा.