पिल्लाची पिसं विस्कटलेली आहेत, घेऊ का?

कॉकाटील (तुरा असलेला छोटा पाळीव पोपट) असेल तर नुसत्या झिजलेल्या शेपटीला घाबरू नकोस; पिंजऱ्याला घासून ती तशी होते आणि साधारण सहाव्या महिन्यानंतर झडून नवी येते. टक्कल कुठे आहे ते मात्र नीट बघ. छाती उघडी आणि डोकं शाबूत, तर ते स्वतःच उपटतंय, कारण डोक्यापर्यंत चोच पोचत नाही. डोकं उघडं असेल तर बहुधा आईबापांनी उपटलंय. लुटिनो, म्हणजे पिवळ्या-पांढऱ्या रंगाच्या कॉकाटीलच्या तुऱ्यामागे टक्कल मुळातच असतं. नवी पिसं मुळाशी आवळलेली, वाकडी दिसली तर घेऊ नकोस, आधी पक्ष्यांच्या डॉक्टरला दाखव. आपला रानातला हिरवा पोपट कुणी देऊ केला तर साफ नाही म्हण, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पाळता येत नाही. आणि पिल्लू घेतलंस तर कोकणातल्या पावसात त्याचे दाणे घट्ट डब्यात ठेव, बुरशी लगेच धरते.