तोंडासमोर थबकून गेला तो हर्मिट

कोस्टा रिकात ला सेल्व्हाच्या जंगलात लांब वाकड्या चोचीचा तपकिरी पक्षी तुमच्या लाल सॅकसमोर क्षणभर थबकला आणि पसार झाला. तो आपला शिंजीरच का, असं तुम्ही विचारलंय. नाही, शिंजीर नाही, तो हमिंगबर्ड. शिंजीर गाणाऱ्या पक्ष्यांतला, हमिंगबर्डचं जवळचं नातं पाकोळ्यांशी. भारतात हमिंगबर्ड नाहीतच. वर्णनावरून हा लाँग-बिल्ड हर्मिट वाटतो. शेपटीची मधली दोन पिसं लांब आणि टोकाला पांढरी होती का, तेवढं आठवून बघा.

सॅकपाशी तो उगाच आला नव्हता. बरेच हमिंगबर्ड एखादं बहरलेलं झाड बळकावून राखत बसतात. हर्मिट मात्र फेरी मारतो. हेलिकोनिया या केळीसारख्या झाडाचं फूल एकच दिवस टिकतं आणि एका झाडावर रोज मोजकीच फुलं उमलतात. म्हणून ठरलेल्या वाटेनं झाडामागून झाड तपासत जायचं. वाटेत नवं काही लाल दिसलं की तेही बघून घ्यायचं.

माझ्या मते त्याची खरी गंमत माद्यांना रिझवायला नर जमतात त्या अड्ड्यात आहे. झुडपांच्या गचपणात, माणसाच्या उंचीच्या आसपास, प्रत्येक नराची आपली काटकी. पहाटेपासून तो एकच चिरका सूर सेकंदाला एकदा असा लावून धरतो आणि प्रत्येक सुराबरोबर शेपटी हलवतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्याला किडा समजून पुढे निघून गेलो होतो. जागेवरून भांडणंही होतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की प्रौढ नरांच्या चोचीचं टोक माद्यांपेक्षा लांब आणि अणकुचीदार असतं, आणि ते प्रतिस्पर्ध्याच्या गळ्यावर वार करायला वापरतात. जेमतेम सहा ग्रॅमचा जीव! चोच फक्त फुलासाठीच घडली, असं आपण किती सहज धरून चालतो.

त्याच्या नाकपुड्यांतून प्रवासीही जातात. फुलातले बारीक माइट (कोळ्यांच्या नात्यातले सूक्ष्म जीव) चोचीवरून पळत नाकपुडीत शिरतात आणि आपलं फूल आलं की तसेच उतरतात.

घरटं मादी एकटीच बांधते. ताडवर्गी झाडाच्या पानाच्या टोकाखाली, कोळ्याच्या जाळ्यानं चिकटवलेला निमुळता शंकू, त्यात दोन अंडी. वर पानाचंच छप्पर. ती पानाकडे तोंड करून, मान मागे टाकून बसते. पुढच्या वेळी पायवाटेलगतची अशी पानं हात न लावता, खाली वाकून बघा.