दुपारी दिसलेलं घुबड आणि संग्रहालयातली कातडी

धारणीकडच्या भाऊंनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. भर दुपारी सागावर बसलेलं लहान घुबड म्हणजे दुर्मिळ रानपिंगळा असेल का? आणि लंडनच्या संग्रहालयात शंभर-दीडशे वर्षांचे मेलेले पक्षी सांभाळून उपयोग काय?

पहिल्याचं उत्तर थोडक्यात देतो. नुसतं दुपारी दिसलं म्हणून रानपिंगळा ठरत नाही, आपला गावातला पिंगळाही दिवसा दिसतो. डोकं बघा. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. पंख-शेपटीवर ठळक पट्टे, पोटाचा खालचा भाग पांढरा आणि पाय भरदार असले तर आशा धरा. मेळघाटातलं विरळ सागाचं जंगल त्याचं खास ठिकाण आहे, त्यामुळे शक्यता आहेच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही याच पक्ष्यात आहे. (ते पक्षी आता लंडनात नाहीत, जवळच्या ट्रिंग गावी आहेत.) १८७२ साली ब्लूइट नावाच्या संग्राहकानं आजच्या छत्तीसगडात हा पक्षी मिळवला आणि १८७३ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ ह्यूम यांनी त्याचं वर्णन केलं. पुढे डेव्हिडसन या दुसऱ्या संग्राहकानं खानदेशात काही मिळवले. १८८४ नंतर पक्षी गायब. जगभरात जेमतेम सात कातडी (कापूस भरून जपलेले पक्षी) उरली. त्यातल्या एकावर चिठ्ठी होती: मांडवी, गुजरात, १९१४, संग्राहक कर्नल माइनर्ट्झहागेन.

हा कर्नल पक्षी-अभ्यासातलं मोठं प्रस्थ, पण हात चोरटा! संग्रहालयातले पक्षी परस्पर नेले म्हणून १९१९ मध्ये त्याला तिथल्या पक्षी-दालनात बंदी झाली होती. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीशास्त्रज्ञांनी ते कातडं एक्स-रेखाली धरलं. कातड्यात कापूस भरायची, शिवायची प्रत्येकाची हातोटी वेगळी असते. नव्या भरणीखाली डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा निघाल्या. म्हणजे खानदेशातलाच जुना पक्षी चोरून, पुन्हा भरून, त्याला खोटी चिठ्ठी लावली होती.

मांडवीची नोंद बाद झाली आणि शोध खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागे लागला. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना खानदेशातच शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला, ११३ वर्षांनी. तिथून सातपुड्याच्याच रांगेत पूर्वेला आपला मेळघाट. पुढे इथेही तो सापडला, तोही चांगल्या संख्येनं. कोरकू गावांच्या शेजारी तो आधीपासून होताच म्हणा, कागदावर नव्हता एवढंच.

मला या साऱ्यात कातड्याइतकीच ती चिठ्ठी मोलाची वाटते. ठिकाण आणि तारीख नसेल तर दुर्मिळ पक्षीही शोभेची वस्तू होतो, आणि खोटी असेल तर पुढच्या पिढ्या भलत्याच जंगलात भटकतात. आज पक्षी मारायची गरज नाही, शिवाय रानपिंगळ्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ चं, म्हणजे सर्वात कडक, संरक्षण आहे. तारीख, वेळ, शिवार, झाड, आवाज, एवढं वहीत त्याच दिवशी लिहा. आठवड्यानं आठवून लिहिलेलं मी तरी धरत नाही.

नेमकी जागा मात्र इथे उघड टाकू नका. घुबडांवर जादूटोण्यापायी टपलेले लोक आपल्याकडे अजून आहेत. आपल्या भागाच्या (बीटच्या) वनरक्षकाला सांगा. आणि डोकं व पोट दोन्ही दिसतील असा फोटो मिळाला तर इथे टाका, बघून सांगतो.