क्लॅश या पंक बँडचे नंतरचे अल्बम चाहते एवढे का उचलून धरतात?

तुम्ही विचारलंय की १९७७ चा पहिला अल्बम आणि फार तर 'लंडन कॉलिंग' सोडलं तर 'सँडिनिस्टा!', 'कॉम्बॅट रॉक' हे सगळं पसरट आणि भरकटलेलं, 'कॉम्बॅट रॉक' तर विकाऊही वाटतं, मग चाहते त्यांची बाजू का घेतात? निव्वळ प्रेमापोटी?

मी त्या चाहत्यांपैकीच आहे. प्रेम आहे, ते कशाला नाकारू. पण ज्या गुणासाठी तुम्हाला पहिला अल्बम आवडतो, तोच गुण पुढच्या अल्बममध्ये वाढत गेलेला मला ऐकू येतो, म्हणून मी बाजू घेतो.

पहिला अल्बम पुन्हा एकदा लावा. बहुतेक गाणी दोन-अडीच मिनिटांची, धडाधड येतात आणि संपतात. आणि त्यातच 'पोलीस अँड थीव्ज' लागतं, तब्बल सहा मिनिटांचं. मूळ गाणं जमैकाच्या ज्युनियर मर्विनचं, निर्माता ली पेरीने ध्वनिमुद्रित केलेलं, जेमतेम वर्षभर आधीचं. पंक म्हणजे तीन कॉर्ड आणि आरडाओरडा, असं जेव्हा सगळे म्हणत होते तेव्हा ही पोरं शेजारच्या वस्तीतलं रेगे कान देऊन ऐकत होती आणि आपल्या पद्धतीने वाजवत होती. दुसऱ्याचं ऐकायची ही ओढ पहिल्या दिवसापासून होती. 'सँडिनिस्टा!'मध्ये तिला हवी तेवढी जागा मिळाली, एवढाच फरक.

'सँडिनिस्टा!' (नाव निकाराग्वातल्या क्रांतिकारकांवरून) १२ डिसेंबर १९८० ला आला. तीन तबकड्या, सहा बाजू, दर बाजूला सहा, म्हणजे ३६ गाणी. ऐकणाऱ्याच्या खिशाला चाट नको म्हणून तो जवळपास एका तबकडीच्या किमतीत विकायचा, हा बँडचा हट्ट. त्यासाठी ब्रिटनमधल्या पहिल्या दोन लाख प्रतींवरच्या रॉयल्टीवर त्यांनी पाणी सोडलं. पदरमोड करून काढलेला अल्बम आहे हा! लोक म्हणतात, "यातून एकच चांगली तबकडी निघाली असती." निघाली असती, पण ती कोणती? माझी बारा गाणी आणि तुमची बारा गाणी जुळणार नाहीत. सहावी बाजू मात्र मलाही कमजोर वाटते. आधीच्याच गाण्यांची उलटसुलट रूपं आहेत तिथे बरीचशी, ती मी क्वचितच लावतो.

मी हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तो हॉस्टेलवरच्या एका मित्राकडून भरून घेतलेल्या नव्वद मिनिटांच्या दोन कॅसेटवर. आतल्या कागदावर त्याने बॉलपेनने बारीक अक्षरात गाण्यांची नावं लिहिली होती, आणि जागा संपल्यावर समासात उभी. पहिलंच गाणं 'द मॅग्निफिसंट सेव्हन'. मला वाटलं, चुकून दुसरीच कॅसेट लागली. गिटारचा गडगडाट नाही, बेसची एकच ओळ फिरून फिरून येते आणि तिच्यावर बँडचा गायक जो स्ट्रमर गाण्याऐवजी भराभर बोलतोय. सकाळी सातला उठा, कामावर जा, दिवस ढकला, असं चाललंय त्याचं.

हे १९८० च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला रेकॉर्ड झालेलं आहे. तिथे रस्त्यावर रॅप नुकतं आकार घेत होतं, बँडचा गिटारवाला मिक जोन्स त्याच्या पार प्रेमात पडला होता, आणि ब्रिटनमधल्या बहुतेक गिटारवाल्या बँडचं तिकडे लक्षही नव्हतं. नंतर न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएलएस या काळ्या श्रोत्यांच्या रेडिओ स्टेशनवर या गाण्याचं रिमिक्स वाजायचं. पंक बँडचं गाणं तिथे वाजतंय, ही मला साधी गोष्ट वाटत नाही.

'जुन्या चाहत्यांना नवं नको असतं' ही तक्रारही तेव्हापासूनची. १९८१ च्या मे महिन्याच्या अखेरीपासून न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या बाँड्स या हॉलमध्ये क्लॅशचे आठ कार्यक्रम ठरले होते. तिकिटं मर्यादेबाहेर विकली गेली, अग्निशमन दलाने हरकत घेतली, आणि एकालाही रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही म्हणून बँडने सतरा कार्यक्रम केले. सुरुवातीला वाजवायला त्यांनी रॅपवाल्या ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या मंडळींना बोलावलं होतं. क्लॅशच्याच प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली, अंगावर कप फेकले. त्या हॉलमध्ये पुढचं संगीत कोणतं हे बँडला कळत होतं आणि गर्दीला कळत नव्हतं. मला त्या रात्री बँडच्या बाजूने उभं राहायला आवडलं असतं.

आता 'कॉम्बॅट रॉक', १९८२ चा. तुम्ही त्याला 'विकाऊ' म्हटलंय. 'रॉक द कस्बा' अमेरिकेत आठव्या क्रमांकापर्यंत गेलं, हे खरं. पण त्याची चाल बाजारासाठी कुणी बसून घडवलेली नाही. ड्रमर टॉपर हेडन स्टुडिओत बाकीच्यांआधी पोचला, ड्रम वाजवले, मग पियानो, मग बेस, सगळं एकट्याने. त्यावर स्ट्रमरने शब्द लिहिले, इराणमध्ये संगीतावर आलेल्या बंदीच्या संदर्भात. गाणं जगभर गाजलं तोवर हेरॉइनपायी टॉपर बँडबाहेर गेला होता. व्हिडिओत त्याच्या जागी बँडचा जुना ड्रमर टेरी चाइम्स दिसतो. मी तो व्हिडिओ आजही नीट बघू शकत नाही.

आणि त्याच अल्बमवर 'स्ट्रेट टू हेल' आहे. तुम्ही पूर्ण मन लावून एकच गाणं ऐकणार असाल तर हे ऐका. १९८१ च्या अखेरच्या दिवसांत न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत ते झालं. रॉकचा ठेका त्याला बसेना, तेव्हा टॉपरने ब्राझीलच्या बोसा नोव्हा संगीताच्या अंगाने जाणारा ताल काढला. आणि ऐन रेकॉर्डिंगच्या वेळी त्याने स्ट्रमरच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली लेमोनेडची बाटली दिली, बास ड्रमच्या समोरच्या अंगावर आपटायला. हेडफोन लावा, तो दबका 'धप्' ऐकू येतो. छातीवर कुणी हळूच बुक्की मारावी तसा.

शब्द तर आणखी खोल जातात. आधी उत्तर इंग्लंडमधले बंद पडलेले पोलाद कारखाने आणि आलात तिथेच परत जा म्हणून हिणवले जाणारे स्थलांतरित. मग व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांनी मागे टाकलेली मुलं, आईबापाचा फोटो हातात घेऊन 'मला घरी ने' म्हणणारी. आणि उत्तर येतं, नाही. स्ट्रमर इथे ओरडत नाही, थकलेल्या आवाजात सांगतो. पहिल्या अल्बमवर एवढा राग आहे, पण दुसऱ्याच्या दुःखाजवळ इतका वेळ थांबणं १९७७ मध्ये त्यांना जमलं नसतं. याला भरकटणं कसं म्हणायचं?

हे गाणं तुम्ही नकळत ऐकलेलंही असेल. एमआयए या ब्रिटिश गायिकेच्या 'पेपर प्लेन्स'खाली जी गिटार वाजते ती यातलीच, आणि ते गाणं 'स्लमडॉग मिलेनियर'मध्ये आहे. मुंबईच्या पोरांच्या आगगाडीवरच्या प्रवासाखाली ती गिटार ऐकली तेव्हा मला भरून आलं. स्ट्रमरचे वडील लखनौला जन्मलेले, पुढे ब्रिटिश परराष्ट्र खात्यात. तो स्वतः अंकाराला जन्मला आणि लहानपणी कैरो, मेक्सिको सिटी असा फिरला. निकाराग्वा, व्हिएतनाम, इराण हे त्याला उसने विषय नव्हते.

'कट द क्रॅप'ची (१९८५) बाजू मी घेणार नाही. मिक जोन्सला १९८३ मध्ये काढलं होतं, सगळा कारभार मॅनेजरच्या हातात, ड्रमरऐवजी यंत्र, आणि वर कोरसचा नुसता गलका. 'धिस इज इंग्लंड' तेवढं त्यातून वाचवा, ते खरोखर मोठं गाणं आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हीच मंडळी साध्या गिटारी घेऊन उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या रस्त्यांवर वाजवत फिरली, लोकांनी टाकलेल्या पैशांवर जेवली, चाहत्यांच्या घरी झोपली. अल्बमपेक्षा त्या दौऱ्याचं मला जास्त अप्रूप वाटतं.

कुठून सुरू करू, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. 'सँडिनिस्टा!'ची चौथी बाजू लावा. 'पोलीस ऑन माय बॅक' तुम्हाला लगेच आवडेल, त्यात जुना क्लॅश आहे. तिथे थांबू नका. 'द कॉल अप', 'वॉशिंग्टन बुलेट्स' आणि मग 'ब्रॉडवे', रात्री उशिरा रस्त्यावर भेटलेल्या एका माणसाची कैफियत. ते संपलंसं वाटेल, पण बंद करू नका. शेवटी कीबोर्डवाल्या मिकी गॅलॅगरची चिमुरडी 'लंडन कॉलिंग'मधलं 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन' बोबड्या आवाजात गाते, मध्येच अडखळते आणि मग स्वतःच थांबते.