लंडनमधल्या पिनरला लोक अजूनही ‘व्हिलेज’ का म्हणतात? ते गाव आहे की उपनगर?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पिनरला राहायला गेली आहे, शेजारीपाजारी त्याला ‘व्हिलेज’ म्हणतात आणि नकाशात मात्र लंडनच्या भुयारी रेल्वेच्या मेट्रोपॉलिटन लाइनचं स्टेशन दिसतं. मी गेली अकरा वर्षं इथेच राहते, म्हणून सविस्तर लिहिते.

मुंबईच्या उपनगरांत जसं गावठाण असतं आणि भोवती पुढे उठलेल्या इमारती, तसंच इथे आहे. पिनरचं गावठाण म्हणजे हाय स्ट्रीट. हा चढाचा छोटासा रस्ता आहे. दुतर्फा लाकडी सांगाड्याची जुनी घरं, आणि चढ संपतो तिथे सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च. हे चर्च १३२१ साली समर्पित झालं. गावाचं नाव त्याआधी, १२३२ मध्ये, ‘पिन्नोरा’ असं लिहिलेलं सापडतं. त्यातल्या ‘ओरा’चा अर्थ उतार किंवा कड. खाली वाहणाऱ्या ओढ्याला पिन म्हणतात, पण ओढ्यावरून गावाचं नाव पडलेलं नाही. गावावरूनच ओढ्याला नाव मिळालं.

जमीन होती कँटरबरीच्या आर्चबिशपची, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंची. जवळच खंदकाने वेढलेला हेडस्टोन मॅनर हा त्यांचा वाडा आहे. त्याचं लाकूड १३१० च्या सुमाराचं असल्याचं झाडाच्या वलयांवरून सिद्ध झालं आहे. आवारात १५०६ चं प्रचंड धान्यकोठार उभं आहे. १५४६ मध्ये ही मालमत्ता राजा आठव्या हेन्रीकडे गेली आणि त्याने ती लगेच विकूनही टाकली. आता तिथे संग्रहालय आहे. मुलीला आवर्जून जायला सांगा.

चर्चच्या आवारात एक विलक्षण थडगं दिसेल. उंच निमुळता दगडी चौथरा, आणि त्याच्या आरपार गेलेली, दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावणारी दगडी शवपेटी. उद्यानरचनाकार जॉन क्लॉडियस लाउडन याने ते आई-वडिलांसाठी बांधलं. देह जमिनीच्या वर असेपर्यंतच वारसांना मालमत्ता मिळेल अशी अट होती, असं गावात सांगतात. प्रत्यक्षात दोघांनाही जमिनीखालीच पुरलेलं आहे.

आता शेतीचं उपनगर कसं झालं ते. प्रसिद्ध ब्रिटिश नौसेनापती नेल्सनची मुलगी होरेशिया म्हातारपणी इथे राहत होती. १८८१ साली ती वारली तेव्हा पिनर शेतांमधलं खेडंच होतं. १८८५ मध्ये मेट्रोपॉलिटन रेल्वे आली. इंग्लंडच्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना रुळांसाठी घेतलेली जादा जमीन ठरावीक मुदतीत विकावी लागे. मेट्रोपॉलिटनने मात्र ती स्वतःकडे ठेवण्याची सवलत मिळवली होती. मला हा सगळ्या गोष्टीचा कणा वाटतो. गाडी चालवणारी कंपनीच जमिनीचीही मालक, त्यामुळे तिकिटंही तिचीच आणि घरंही तिचीच. १९१५ पासून तिने ‘मेट्रो-लँड’ या नावाने पुस्तिका काढायला सुरुवात केली: मोकळी हवा, बाग, आणि मध्य लंडनमधल्या बेकर स्ट्रीटला सरळ गाडी. १९१९ मध्ये घरबांधणीसाठी वेगळी कंपनीही उभी राहिली.

वेग किती होता, ते शेजारच्या रेनर्स लेन स्टेशनवरून कळतं. १९३० मध्ये तिथले वर्षाचे प्रवासी होते सुमारे २२ हजार, आणि १९३७ मध्ये ४० लाख! सात वर्षांत शेतं गेली आणि पुढच्या त्रिकोणी भिंतीवर लाकडाच्या काळ्या पट्ट्या लावलेल्या जुळ्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. माझं घर त्यांतलंच एक. त्या पट्ट्या काहीच पेलत नाहीत, नुसत्या शोभेच्या आहेत, पण त्या आल्या हाय स्ट्रीटवरच्या जुन्या घरांच्या नकलेतून. नव्याने आलेल्यांना गाव हवं होतं, हे त्यातून दिसतं.

म्हणूनच गावठाण वाचलं, असं माझं मत आहे. रहिवाशांची पिनर असोसिएशन स्थापन झाली १९३२ मध्ये, म्हणजे बांधकामं ऐन भरात असताना. पुढे १९६५ मध्ये मिडलसेक्स परगणा मोडला आणि पिनर कागदोपत्री लंडनच्या हॅरो बरोमध्ये, म्हणजे महानगराच्या एका प्रशासकीय विभागात, गेलं. पण इथले कित्येक जण पत्त्यात अजून ‘मिडलसेक्स’च लिहितात.

आणि जत्रा! १३३६ साली राजा तिसऱ्या एडवर्डने तिची सनद दिली. आजही मे-अखेरच्या बँक हॉलिडेनंतरच्या (सार्वजनिक सुटीनंतरच्या) बुधवारी हाय स्ट्रीट वाहनांना बंद होतो. चर्चच्या पायथ्यापासून स्टेशनपर्यंत पाळणे लागतात, जुन्या घरांच्या खिडक्यांना जवळजवळ घासून. पहिल्या वर्षी ऑफिसमधून येताना मी स्टेशनबाहेर पडले तर समोर आकाशपाळणा फिरत होता, आणि मला माझ्या गावची जत्रा आठवून डोळ्यांत पाणी आलं. मुलीला त्या बुधवारी ऑफिसमधून लवकर निघायला सांगा. रात्र संपायच्या आत सगळं उतरवलेलं असतं आणि सकाळी रस्ता झाडून मोकळा झालेला असतो.